चुगलीपट्टी

त्याला भोंगा म्हणायचे ते त्याच्या गळ्यामुळे. पाळी सुटल्याचा भोंगा तो तोंडानं इतका हुबेहूब वाजवायचा, की एकदा धुलाईखान्याची अख्खी कोरडी बाजू दहा मिनिटं आधीच एप्रन काढून दारात जाऊन उभी राहिली होती. मुकादमानं त्याला त्या दिवशी घरी पाठवलं, आणि पाठवता पाठवता स्वतःच तोंड फिरवून हसला. वय अठ्ठेचाळीस, डोक्यावर मोजून दाखवता येतील एवढे केस, आणि खोड्या मात्र पाचवीतल्या.

शहरभरच्या दवाखान्यांच्या चादरी या धुलाईखान्यात यायच्या. आत दोन बाजू. ओल्या बाजूला मोठी मशीनं, त्यांच्या पोटातून चिंब चादरींचा गुंता ओढून काढायचा आणि गाड्यात भरायचा. माणूस तिथं चार-पाच वर्षं टिकला तर पुष्कळ. कोरड्या बाजूला इस्त्रीचे रोलर आणि घडीची टेबलं. छोट्या चादरींच्या घड्या मशीन घालायचं, मोठ्या त्याला झेपायच्या नाहीत. त्या दोघादोघांनी समोरासमोर उभं राहून हातानं घालायच्या.

भोंग्याची जोडी त्याच्या ताईबरोबर. सख्खी बहीण, दहा वर्षांनी मोठी. त्याला या नोकरीला तिनंच चिकटवलं होतं, मुकादमाच्या आधीच्या मुकादमाला "माझा भाऊ गरीब आहे हो, तोंडातून शब्द फुटत नाही" असं सांगून. या एका थापेवर पुढे वीस वर्षं लोक हसले.

आता चादरीची घडी कशी घालतात ते बघा. दोघांनी दोन-दोन टोकं धरायची, हात खांद्याच्या वर न्यायचे आणि एक झटका द्यायचा. फट्! सुरकुत्या पळाल्या. मग टोकाला टोक लावायचं, एकमेकांकडे चालत यायचं, एकानं आपली टोकं दुसऱ्याच्या हातात द्यायची, खाली लोंबलेली घडी उचलायची, परत मागे जायचं. दिवसाला पाचशे वेळा. ताईचा उजवा खांदा दोन वर्षांपूर्वी यात कामातून गेला. हात छातीच्या वर जाईना.

तेव्हापासून झटका भोंगा एकटाच द्यायचा. ताईनं नुसतं धरून ठेवायचं. चालत यायचं तेही त्यानंच, घडी उचलायची तीही त्यानंच. आणि हे करताना तो असा काही नाचायचा, शिट्ट्या मारायचा, की बघणाऱ्याचं लक्ष त्याच्या थेरांकडे जावं आणि ताईच्या हाताकडे जाऊ नये. घरच्यांखेरीज कुणाला पत्ता नव्हता. ताईची तीस वर्षं भरायला आठ महिने राहिले होते. तीस भरली की पूर्ण पेन्शन, आणि कँटीनमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून निरोप. ताईला पेन्शनपेक्षा त्या निरोपाचं जास्त होतं. तीस वर्षांत तिच्या नावावर एक लेट मार्क नव्हता, आणि हे ती कुणी न विचारता सांगायची.

फक्त मुकादम अलीकडे घडीच्या टेबलाशी जरा जास्तच वेळ उभा राहायला लागला होता.

अशात एक दिवस कँटीनमध्ये खेळ मांडला. मोठ्या साहेबांनी बोलावलेल्या दोन पोरी आल्या. एक नुसती फोटो काढायची, दुसरी चष्मेवाली, ती बोलायची. टेबलांवर पुठ्ठे, चंदेरी कागद, बटणं, बाटल्यांची झाकणं, जुने घड्याळाचे पट्टे, डिंक.

"दहा वर्षांनी तुमच्या अंगावर कुठलं यंत्र असेल?" चष्मेवाली म्हणाली. "मनगटावर, कमरेला, बुटात, कुठंही. ते आज तुम्ही बनवायचं. आणि ते खरंच आहे असं समजून त्याची गोष्ट सांगायची. याला डिझाइन फिक्शन म्हणतात. इथं चूक-बरोबर काही नसतं. खोटी गोष्ट, पण खरी वाटायला पाहिजे."

"म्हणजे आजारपणाच्या रजेचा अर्ज," भोंगा म्हणाला आणि कँटीन फुटलं. चष्मेवालीनं तेही वहीत लिहून घेतलं.

रोलरवाल्यानं टोपी बनवली, मुकादम मागून आला की कानात गुणगुणणारी. मुकादमानं ती घालून बघितली आणि म्हणाला, "बंद पडलीय." ओल्या बाजूच्या एकीनं गरम होणारे मोजे बनवले आणि गोष्ट सांगायच्या जागी रडायलाच लागली, कारण तिचे पाय बारा महिने ओले असायचे. मग भोंगा उठला.

त्यानं चंदेरी कागदाच्या दोन पट्ट्या केल्या होत्या. एक ताईच्या मनगटावर बांधली, एक आपल्या. "ही चुगलीपट्टी," तो म्हणाला. "कोण किती ओढतंय ते शंभरातला आकडा लावून सांगते. देवाच्या बापाला भीत नाही." आणि टेबलावरची चादर घेऊन दोघांनी घडी घालायचं नाटक केलं. नाटकात कामसू ताई, आणि भोंगा ढिला. तो जांभया देतोय, टोकं सोडतोय, चादरीत गुंडाळून झोपतोय, आणि पट्टी त्याच्याच तोंडून बोंबलतेय: "टँ टँ टँ! ताई शहाण्णव! भोंगा अकरा! चाळीसच्या खाली गेला की थेट घरी! डबा उचला, चपला घाला!"

लोक टेबलं बडवत होते. ताईच्या डोळ्यांतून पाणी येत होतं हसून. नाटक बरोबर उलटं आहे हे दोघांनाच माहीत होतं, आणि भोंग्यानं ते उगाच उलटं केलं नव्हतं. मुकादमाच्या डोक्यात एकदा ठसलं पाहिजे की या जोडीत ढिला कोण, एवढाच त्याचा डाव. मुकादम हसत होता. डाव लागला.

पहिलं बक्षीस, एक स्टीलचा थर्मास. भोंग्यानं तो तिथल्या तिथं ताईला देऊन टाकला.

तीन महिन्यांनी खोकी आली.

पट्ट्या चंदेरी नव्हत्या, राखाडी रबराच्या होत्या. प्रत्येकीवर नंबर. भिंतीवर मोठा फलक लागला आणि फलकाच्या वर भोंग्याचा फोटो, हात वर, मनगटावर चंदेरी कागद, तोंड उघडं. खाली लिहिलेलं: "आमच्याच माणसांच्या कल्पनेतून."

"उजव्या हातात घालायची," मुकादम सांगत होता. "हात किती चालला, जोर किती लागला, पाळी संपली की फलकावर आकडा येणार. शंभरातला. सगळ्यांना वाचता यावा म्हणून मोठ्या अक्षरात." मग भोंग्याकडे वळून, "काय रे शास्त्रज्ञा, बरोबर सांगतोय ना?"

पहिल्या दिवशी भोंगा शहाऐंशी. ताई एकतीस.

"पहिलाच दिवस आहे, ताई," मुकादम म्हणाला. "सवय होईल." पण तो टेबलाजवळून लगेच हलला नाही.

जेवायच्या सुट्टीत सगळीकडे एकच बोलणं. चाळीसच्या खाली गेला तो घरी. रोलरवाला ठामपणे म्हणाला, मोजेवाली म्हणाली, गाडेवाला म्हणाला. कुणी सांगितलं तर सगळ्यांनी सांगितलं. ताई डबा उघडून बसली होती, खात नव्हती.

"दे इकडे," दुसऱ्या दिवशी कपाटांच्या खोलीत तो म्हणाला.

"काय?"

"पट्टी. तुझी मला, माझी तुला. सारखीच तर आहे, नंबर सोडून. नंबर आतल्या बाजूला आहे. कोण बघतंय?"

"अरे, नको ही थेरं. पकडला गेलास तर नोकरी जाईल."

"गेली तर सर्कशीत जाईन. तसाही तिथूनच आलोय असं तूच म्हणतेस ना?"

"मी माकडांबद्दल म्हणते." पण तिनं मनगट पुढे केलं. डाव्या हातानं तिला पट्टी सोडवेना, त्यानंच सोडवली.

संध्याकाळी फलकावर ताई अठ्ठ्याऐंशी, भोंगा तीस. कोरड्या बाजूनं टाळ्या वाजवल्या. ताई लाजली. आपण मिळवलेल्या टाळ्या नाहीत, चोरलेल्या आहेत, हे माहीत असूनही लाजली. तीन आठवडे तिचा नंबर पहिल्या तिघांत.

"लाज नाही वाटत? बहिणीच्या जिवावर खातोस!" रोलरवाला ओरडायचा.

"आमच्यात मोठ्यांनी लहानांना सांभाळायची पद्धत आहे," भोंगा म्हणायचा आणि मोठ्ठी जांभई द्यायचा. मनातून तो इतका खूश होता की रात्री बायकोला सांगताना उठून उभा राहिला आणि झटका मारून दाखवला. घरी पाठवतील तर मला पाठवतील, तो म्हणाला, तोवर ताईचे महिने सरतात. बायको म्हणाली, "तुला पाठवलं तर खायचं काय?" तो म्हणाला, "थर्मास आहे ना."

चौथ्या सोमवारी फलकावर आकडे नव्हते, नवी कामं होती. आकडे बघून कॉम्प्युटरनं ज्याला त्याला जागा नेमून दिली होती. मुकादमानं वाचून दाखवलं. जोर असलेली माणसं ओल्या बाजूला. ताईचं नाव दुसरं. ज्यांचा हात चालत नाही त्यांनी टॉवेलच्या टेबलावर बसून नॅपकिनच्या घड्या घालायच्या. खुर्ची मिळेल, पाठीला उशी मिळेल.

भोंग्याचं नाव तिथं होतं.

तो खुर्चीवर बसला, समोर नॅपकिनचा ढीग, हातभर लांबीच्या आत सगळं काम, हात छातीच्या वर न्यायचं कारणच नाही. एक नॅपकिन हातात घेतला आणि तसाच धरून राहिला. एकतीस आकड्याला ही खुर्ची होती. चाळीसच्या खाली घरी हे साहेब बोलले नव्हते, मुकादम बोलला नव्हता, कुठल्या कागदावर नव्हतं. हे कोण बोललं होतं ते त्याला तेव्हा आठवलं. डबा उचला, चपला घाला. त्याच्या नाटकातलं वाक्य तीन महिने कँटीनमध्ये फिरत राहिलं, नियम झालं, आणि फिरून त्याच्याच कानावर आलं. आणि त्यानं, सगळ्यांना चुना लावणाऱ्यानं, ते खरं मानलं.

तो धावत मुकादमाकडे गेला. "अहो, तिचं वय बघा. ओली बाजू तिला कशी झेपेल?"

"वय काय बघायचं? आकडा बघ. मी बोललो होतो साहेबांशी, साहेब म्हणाले यंत्र बघून देतं. आणि तुला रे काय? बहिणीवर जळतोस?"

भोंगा परत नॅपकिनच्या ढिगाकडे गेला.

सुट्टीत त्यानं ताईला जिन्याखाली गाठलं. तिची बाही कोपरापर्यंत ओली. "मी सांगतो सगळं. आत्ता जातो."

"माझी शपथ आहे. दोघांचीही चूल एकदम विझवायची आहे का? चार महिने तर राहिले. डाव्या हातानं ओढते मी."

"मग पट्टी तरी..."

"तू तिकडे, मी इकडे. कशी बदलणार? आणि तुझी घालून काय मिळणार, नॅपकिनचे वीस?" ती हसली. तिचं हसणं नेहमी खांद्यातून यायचं, या वेळी नुसतं तोंडातून आलं.

डाव्या हातानं तिनं आठ दिवस ओढलं. पट्टी उजव्या हातात होती. फलकावर चोवीस, एकोणीस, बावीस. नवव्या दिवशी मशीनच्या तोंडातून चादरींचा गठ्ठा सुटला, तिनं सवयीनं उजवा हात वर नेला, आणि गठ्ठा तिच्यासकट खाली आला.

पडली म्हणून कुणी काही म्हटलं नाही. पण साहेबांनी वर बोलावलं. भोंगा दाराबाहेर उभा होता, दार अर्धं उघडं होतं.

"अठ्ठ्याऐंशी," साहेबांचा आवाज आला. शांत, अगदी काळजी घेतल्यासारखा. "आणि आता चोवीस. ताई, माणूस एका आठवड्यात म्हातारा होत नाही. ओली बाजू नको होती तर सांगायचं. हे असं मुद्दाम ढिलं काम करणं बरोबर नाही."

"माझा खांदा दुखतो, साहेब. दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं? मग मागच्या महिन्यातले अठ्ठ्याऐंशी कोणाचे?"

दाराबाहेर भोंगा आत जायला निघाला. पाय उचलला. आत ताई म्हणाली, "माझेच." आणि वळून दाराच्या फटीतून त्याच्याकडे बघितलं, लहानपणी तो विहिरीच्या काठावर जायचा तेव्हा बघायची तसं. पाय जागच्या जागी राहिला.

कामावरून काढल्याच्या पत्रात लिहिलं होतं: जाणूनबुजून कामचुकारपणा. ताईनं ते वाचलं, घडी करून पर्समध्ये टाकलं. मग कपाटांच्या खोलीत जाऊन एप्रन काढला, वरची कड हनुवटीखाली दाबली आणि एका हातानं त्याची घडी घातली. चारही टोकं जुळलेली. फळीवर ठेवली आणि मागच्या दारानं गेली. निरोप नाही, कँटीन नाही.

पुढचे दोन महिने भोंगा रोज तिच्याकडे जायचा. भावजी दार उघडायचे आणि आत निघून जायचे. चांगला माणूस, कधी वावगा शब्द नाही. एकदाच म्हणाले, तेही टीव्हीकडे बघत, "एकोणतीस वर्षं मी हिला पहाटे डबा भरताना बघितलं. आता शेजारी विचारतात, तर मी काय सांगू? कामचुकार होती?" ताई आतून म्हणाली, "सांगा, भावानं नंबरात आणली होती." आणि कुणीच हसलं नाही.

मग चष्मेवाली परत आली.

तेच कँटीन, तेच पुठ्ठे. या वेळी मोठे साहेब स्वतः पहिल्या रांगेत. "मागच्या वेळी तुमच्यातूनच एवढी छान कल्पना आली," चष्मेवाली म्हणाली, "आज पुढची गोष्ट. पट्टी आहेच. तिच्याबरोबर जगताना काय काय होतं? कोण सुरुवात करतंय?"

भोंग्यानं हात वर केला. शपथ त्यानं येताना रस्त्यातच मोडली होती. इथं साहेब आहेत, मुकादम आहे, सगळे आहेत, लिहून घेणारी आहे. नोकरी गेली तर जाऊ दे, पण कागदावरचा तो शब्द पुसला गेला पाहिजे. पुठ्ठ्याला त्यानं हात लावला नाही. नुसता पुढे जाऊन उभा राहिला आणि सांगायला लागला.

काही लपवलं नाही. खांदा, झटका, एकतीस, कपाटांची खोली, आतल्या बाजूचा नंबर, जांभया. कुठल्या तारखेला ताईच्या नावावर किती, आणि ते कोणाच्या हाताचे. टॉवेलची खुर्ची खरी कोणाची. चाळीसचा नियम कोणाच्या तोंडातून निघाला. हनुवटीखालचा एप्रन. आवाज एकदाही चढवला नाही, एकही सोंग केलं नाही.

संपलं तेव्हा मोजेवाली डोळे पुसत होती. आणि मग रोलरवाल्यानं टाळी वाजवली. मग सगळ्यांनी.

"बाप रे," चष्मेवाली म्हणाली. चष्मा काढून तिनं डोळे टिपले. "किती खरी वाटते!"

"खरीच आहे, बाई."

हशा पिकला. "बघा!" ती बाकीच्यांकडे वळली. "हेच मी म्हणते. गोष्टीतून बाहेर यायचंच नाही. शेवटपर्यंत खरीच आहे म्हणायचं."

"अहो, खरी आहे! साहेब, ताईचं पत्र काढा, तारखा बघा..."

"भोंग्या, बस की आता, रडवलंस!" मागून कुणीतरी ओरडलं. "पाळीचा भोंगा पण असाच वाजवला होता यानं!"

त्यानं मुकादमाकडे बघितलं. मुकादम टाळ्या वाजवत नव्हता. तो आपल्या बुटांकडे बघत होता, कान लाल झाले होते. त्याला कळलं होतं. इतके महिने टेबलाशी उभं राहून त्यानं जे अर्धं पाहिलं होतं ते आत्ता पूर्ण जुळलं होतं. भोंगा त्याच्याकडे बघत राहिला. मुकादमानं मान वर केली, साहेबांकडे बघितलं, आणि परत बुटांकडे.

साहेब पुढे झुकले. "मुद्दा चांगला आहे," ते चष्मेवालीला म्हणाले. "पट्ट्या बदलता येऊ नयेत यासाठी काय करता येईल? कुलूप? की नाडीवरून माणूस ओळखणारी?"

"नाडी छान!" ती म्हणाली, आणि वहीत लिहिलं.

पहिलं बक्षीस भोंग्यालाच. या वेळी थर्मास निळा होता.

तो तसाच ताईकडे गेला. ती स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. त्यानं सगळं सांगितलं, उभ्या उभ्या. शपथ मोडली म्हणून ती ओरडेल असं वाटलं होतं, ती ओरडली नाही.

"मग? काय म्हणाले?"

त्यानं थर्मास टेबलावर ठेवला.

ताईनं थर्मासकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि हसायला लागली. खांद्यातून, पूर्वीसारखी. मग खांदा धरला आणि थांबली. ती उठली, निळा थर्मास फळीवर जुन्याच्या शेजारी ठेवला.

"जोडी झाली," ती म्हणाली.

जुन्यात सकाळचा चहा होता. तो खाली घेऊन ती परत बसली, गुडघ्यांत दाबला आणि डाव्या हातानं झाकण फिरवायला लागली. झाकण घट्ट होतं. एकदा घसरलं, दोनदा घसरलं. भोंग्यानं हात पुढे केला.

"राहू दे," ताई म्हणाली. "तू नको करूस आता माझं काही."